हिरव्या ठिपक्यापलीकडे : व्हीगन बेकिंगची प्रस्तावना

व्हीगन बेकिंग म्हणजे अंडी, दूध, लोणी, तूप, मध, जिलेटिन किंवा प्राण्यांपासून मिळणारा इतर कोणताही घटक न वापरता केक, बिस्किटे, पाव, पेस्ट्री आणि त्यांवरची सजावट करणे. व्याख्या एका वाक्यात संपते, पण तिच्या पोटात दोन निराळे प्रश्न आहेत. पहिला पाकक्रियेचा: अंडे आणि लोणी काढून घेतल्यावर केक फुगतो, उभा राहतो आणि मऊ राहतो तो कशाच्या बळावर? दुसरा बाजारातला: केकवर भुरभुरायच्या रंगीत दाण्यांना चकाकी कशाने आली, लाल रंग कुठून आला, क्रीमच्या डब्यावर ‘नॉन-डेअरी’ लिहिले असले तरी आत दुधाचे काही आहे का? पहिल्या प्रश्नाची उत्तरे आता बऱ्यापैकी ठाऊक झाली आहेत. दुसऱ्याची उत्तरे देशागणिक बदलतात, कारण ती त्या त्या देशातल्या कारखान्यांवर आणि कायद्यांवर अवलंबून असतात. परदेशी पुस्तक हाताशी घेऊन पुण्यात किंवा नागपुरात व्हीगन केक करायला बसणारा अडतो तो नेमका इथे.

महाराष्ट्राला ‘एगलेस’ केक नवा नाही. जैन, गुजराती, मारवाडी आणि अंडी न खाणाऱ्या मराठी घरांसाठी बेकऱ्यांनी तो केव्हाच रुळवला. घरोघरी तो कंडेन्स्ड मिल्कचा डबा, दही आणि खायचा सोडा यांच्या जोरावर होऊ लागला. या पद्धतीत अंड्याचे काम दुधाकडे सोपवलेले असते. आटवलेल्या दुधातली प्रथिने आणि साखर केकला अंग देतात, दह्याच्या आंबटपणामुळे सोडा उसळतो, लोणी किंवा तूप खुसखुशीतपणा आणते. व्हीगन बेकिंगमध्ये हा आधारही उरत नाही. एगलेस केकच्या कृतीतून कंडेन्स्ड मिल्क वगळून तेवढेच सोयादूध ओतले की व्हीगन केक झाला, ही समजूत पहिल्याच खेपेला खोटी ठरते. म्हणून या विषयाकडे वळताना अंडे आणि दूध केकमध्ये नेमके काय करतात, हे आधी समजून घ्यावे लागते.

अंडे हा घटक एक, पण त्याची कामे अनेक. अंड्याच्या पांढऱ्या भागात सुमारे नव्वद टक्के पाणी आणि दहा टक्के प्रथिने असतात. फेटल्यावर ही प्रथिने उलगडतात, हवेच्या बुडबुड्यांभोवती पातळ पडदा धरतात आणि फेस तयार होतो. भट्टीत साधारण ६० अंश सेल्सियसच्या पुढे ती घट्ट होऊ लागतात आणि फुगलेला केक त्या आकारात पक्का होतो. पिवळ्या बलकातले लेसिथिन तेल आणि पाणी एकजीव ठेवते. शिवाय ओलावा, रंग आणि चव मिळते ती वेगळीच. एका पर्यायाने ही सगळी कामे कधीच होत नाहीत. ‘एका अंड्याऐवजी अमुक चमचे तमुक’ अशा तक्त्यांनी नवशिक्याची जितकी दिशाभूल केली, तितकी दुसऱ्या कशानेही केली नसेल. आधी विचारायचे ते असे, की या पदार्थात अंडे कोणत्या कामासाठी आले होते?

बिस्किटात आणि ब्राउनीत ते मुख्यतः बांधणीसाठी येते. तिथे विदर्भात घरोघरी चटणीसाठी असणारे जवस उत्तम चालतात: एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात भिजवली, की काही मिनिटांत तिला अंड्यासारखी तार सुटते. हीच पूड स्पंज केकमध्ये घातली तर केक गच्च आणि चिकट होतो, कारण तिथे बांधणीपेक्षा हवा हवी असते. त्या हवेसाठी सोडा आणि आम्ल यांची जोडी आहे. खायच्या सोड्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस पडला, की कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो. तो निसटण्याच्या आत भांडे गरम ओव्हनमध्ये गेले पाहिजे, एवढीच अट. पिकलेले केळे ओलावाही देते आणि बांधणीही, पण आपली चव लपवत नाही. मऊ टोफू वाटून घातला तर चीजकेकला आणि जड केकला अंग येते. ग्लुटेन नसलेल्या, म्हणजे ज्वारी-नाचणीच्या पिठांच्या पावाला इसबगोलाचा आधार लागतो. सब्जा आणि चिया मात्र एक नव्हेत. दोन्ही भिजवल्यावर फुगतात, पण सब्जा हे तुळशीच्याच एका प्रकाराचे बी आहे, आणि पाककृतीत चिया लिहिले असताना सब्जा टाकला तर बांधणीचा अंदाज चुकतो.

दुधाचा भाग याहून अवघड आहे आणि मराठी स्वयंपाकघरात तर फारच. दुधाची जागा घेणे सोपे. लोण्याची घेणे कठीण. केकच्या मिश्रणात दुधाचे काम बरेचसे पाण्याचे असते, जोडीला थोडी प्रथिने आणि पृष्ठभागाला तांबूस रंग आणणारी दुग्धशर्करा. प्रथिनांच्या बाबतीत सोयादूध गाईच्या दुधाच्या सर्वांत जवळ जाते, आणि त्यात चमचाभर व्हिनेगर घातले की ते फाटून ताकाचे काम करते. ओटच्या दुधात विकरांनी पिठूळ भाग तोडून माल्टोज ही साखर तयार केलेली असते, त्यामुळे त्याला अंगची गोडी येते. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात रिकार्ड ओस्टे यांनी १९९०च्या दशकात ही पद्धत बसवली. नारळाचे दूध आणि काजूचे दूध स्निग्धतेसाठी, बदामाचे चवीसाठी. कोकणात आणि गोव्यात पहिली दोन परसातली आहेत.

लोण्यात मात्र कमीत कमी ८० टक्के स्निग्धांश असतो, उरलेला भाग मुख्यतः पाणी. ते ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे बाहेर घट्ट राहून तोंडात विरघळते. साखरेबरोबर फेटताना ते हवा धरून ठेवते, आणि पदरांच्या पेस्ट्रीत त्यातल्या पाण्याची वाफ होऊन पदर सुटे होतात. तेल यातले काहीच करू शकत नाही. खोबरेल तेल २४-२५ अंशांनाच पातळ होते. थंडीत बाटलीत गोठणारे हे तेल एप्रिलमध्ये मुंबईच्या दुपारी आयसिंग धरून ठेवील, अशी अपेक्षा व्यर्थ. म्हणून व्हीगन लोणी हे नेहमी मिश्रण असते: खोबरेल तेल, कोको बटर किंवा तत्सम कठीण स्निग्ध पदार्थ, एखादे पातळ तेल, थोडे पाणी आणि त्यांना जोडणारे लेसिथिन. प्रमाण ऋतूप्रमाणे बदलावे लागते. युरोपातल्या पाककृती हे सांगत नाहीत, कारण तिथे तशी गरज पडत नाही.

लोण्याचा पर्याय शोधण्याचा इतिहास व्हीगन चळवळीपेक्षा जुना आहे. १८६९ साली फ्रान्समध्ये इपोलित मेज-मुरिये यांनी मार्जरिन तयार केले, पण ते गोमांसाच्या चरबीपासून. १९०२ साली जर्मनीत विल्हेल्म नॉर्मान यांनी पातळ तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले, आणि वनस्पती तेलापासून लोण्याची जागा घेणारा पदार्थ शक्य झाला. भारतात १९३७ मध्ये आलेल्या डालड्याने ही कृती घराघरांत पोहोचवली. बेकरीची खारी आणि स्वस्त नानखटाई अनेक ठिकाणी वनस्पती तुपात किंवा मार्जरिनमध्ये होते, त्यामुळे ती नकळत व्हीगन असते. साधा लादीपावही बहुधा मैदा, पाणी, यीस्ट, मीठ आणि साखर एवढ्यावर होतो. पण वनस्पतीबरोबर ट्रान्स फॅट आले आणि त्यांनी हृदयरोगाचा धोका वाढवला. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२१ पासून तीन टक्के आणि जानेवारी २०२२ पासून दोन टक्के केली. पामतेलाचा प्रश्न त्यानंतरही शिल्लक आहे. प्राण्यांना इजा नको म्हणून लोणी सोडायचे आणि ज्या तेलासाठी आग्नेय आशियातली जंगले तुटतात ते वापरायचे, हा पेच व्हीगन बेकिंगने अजून सोडवलेला नाही, आणि तो सुटला असल्याचे दाखवणारी पुस्तके वाचकाशी प्रामाणिक नाहीत.

अंडी-दुधाविना भाजलेल्या गोड पदार्थांची परंपरा ‘व्हीगन’ या नावापूर्वी अनेक शतके चालत आली आहे. तिचा उगम बहुतेक ठिकाणी उपासात सापडतो. मध्ययुगीन युरोपात ईस्टरपूर्वीच्या लेंटमध्ये आणि नाताळपूर्वीच्या उपासात मांसाबरोबर दूध, लोणी आणि अंडीही वर्ज्य असत. सधन घरांत त्या दिवसांत बदामाचे दूध वापरले जाई. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा प्रसिद्ध नाताळचा पाव, श्टॉलेन, या नियमामुळे लोण्याऐवजी तेलात होत असे. सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांनी रोमकडे अर्ज केले, आणि १४९१ साली पोप आठवे इनोसंट यांनी लोणी वापरण्याची परवानगी दिली. फ्रान्समधल्या रुआँ इथल्या कॅथेड्रलचा एक मनोरा आजही ‘लोण्याचा मनोरा’ म्हणून ओळखला जातो, कारण उपासात लोणी खाण्याच्या सवलतीसाठी लोकांनी दिलेल्या पैशांचा त्याच्या बांधकामाला हातभार लागला. ग्रीसमध्ये २७ ऑगस्टला संत फानूरिओस यांच्या नावाने होणारा फानूरोपिता हा केक तेल आणि संत्र्याच्या रसात होतो. त्यात अंडे नाही, दूध नाही.

दुसरा उगम आजाराचा. बर्मिंगहॅममधले औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत. त्यांच्यासाठी बर्ड यांनी १८३७ साली मक्याच्या पिठावर आधारलेली, अंडे नसलेली कस्टर्ड पावडर तयार केली आणि पुढे १८४३ मध्ये बेकिंग पावडर. फ्रूट कस्टर्डच्या रूपाने मराठी घरांत पोहोचलेली पावडर ही त्याच शोधाची संतती. तिसरा उगम टंचाईचा. अमेरिकेतल्या १९३०च्या दशकातल्या महामंदीत आणि नंतर महायुद्धाच्या काळात मैदा, साखर, कोको, सोडा, तेल, पाणी आणि व्हिनेगर एवढ्यावर होणारा केक घरोघर झाला. त्यात अंडी, दूध आणि लोणी नसल्याचे कारण तत्त्वाचे नव्हते. ते परवडत नव्हते किंवा मिळत नव्हते. हा केक आजही व्हीगन बेकिंग शिकण्याची सर्वांत खात्रीची पहिली पायरी आहे.

भारताच्या पश्चिम किनाऱ्याचा या इतिहासात स्वतःचा वाटा आहे. सुरतेला डच व्यापाऱ्यांच्या भट्टीचा वारसा एका पारशी कुटुंबाकडे आला, पावात ताडी आणि बिस्किटात अंडी स्थानिक गिऱ्हाइकांना चालेनात, ती काढून टाकली आणि नानखटाई जन्मली, अशी हकिगत सांगितली जाते. कोकणातले धोंडस किंवा तवसाळी हा तर सरळ भाजलेला केक आहे: मोठी जून काकडी किसून, तांदळाचा किंवा गव्हाचा रवा, गूळ आणि ओले खोबरे घालून पातेल्यात लावायचा आणि खाली-वर निखारे ठेवून भाजायचा. तूप वगळले तर त्यात प्राणिज असे काहीच नाही. फणसाचे सांदण वाफवलेले, पण बांधणीचे तत्त्व तेच. गोव्याचा दोदोल तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि काळा गूळ यांवर घोटून होतो, आणि नाताळच्या गोडधोडात, म्हणजे कुस्वारात, मानाने बसतो. याच कुस्वारातली बेबिंका मात्र बलक आणि तुपाशिवाय होत नाही. व्हीगन बेकिंग ही परदेशातून आलेली चैन आहे, असे मानणाऱ्यांनी धोंडसाकडे एकदा नीट पाहावे.

‘व्हीगन’ हे नाव नोव्हेंबर १९४४ मध्ये आले. डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये व्हीगन सोसायटी स्थापन केली आणि दूध-अंडी सोडणाऱ्या शाकाहाऱ्यांना ओळख मिळाली. तेव्हाच्या रेशनच्या दिवसांत त्यांच्या गोड पदार्थांवर फारसे कुणी बोलत नव्हते. पुढे या बेकिंगच्या काही ठळक धारा झाल्या. १९७०च्या दशकातली अमेरिकेतली धारा अख्ख्या धान्याची आणि सोयाबीनची होती. टेनेसीतल्या ‘द फार्म’ या १९७१ साली वसलेल्या वसाहतीने सोयादूध आणि टोफू रोजच्या स्वयंपाकात आणले. या परंपरेतले केक आरोग्याच्या बाजूने झुकलेले, जाड पिठाचे, कमी गोड. चवीबद्दल त्यांच्यावर झालेली टीका पुष्कळदा रास्तच होती. २०००नंतरची धारा याच्या अगदी उलटी. न्यूयॉर्कमध्ये २००५ साली एरिन मॅकेना यांनी बेकरी उघडली, २००६ मध्ये इसा चंद्रा मोस्कोविट्झ आणि टेरी होप रोमेरो यांचे व्हीगन कपकेकवरचे पुस्तक आले, आणि २०१० मध्ये क्लोई कॉस्कारेली यांनी दूरचित्रवाणीवरची कपकेकची स्पर्धा व्हीगन कपकेक करून जिंकली. खाणाऱ्याला फरक कळू नये, हा या मंडळींचा आग्रह होता. त्यामुळे विषय चार लोकांच्या बाहेर गेला. त्याचबरोबर प्रत्येक व्हीगन केकने अंड्याच्या केकची बरोबरी करावी, ही अपेक्षाही पक्की झाली आणि ती या कलेला जाचक ठरली आहे. धोंडसाला कुणी स्पंज केकशी तोलत नाही.

तिसऱ्या धारेचा आरंभ एका गायकाने केला. फ्रान्समधले जोएल रोसेल यांनी २०१४ मध्ये दाखवले, की शिजवलेल्या कडधान्याचे पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखे फेटता येते. पुढच्याच वर्षी अमेरिकेतले सॉफ्टवेअर अभियंता गूस वोल्ट यांनी काबुली चण्याचे पाणी आणि साखर एवढ्यावर पक्के मेरँग केले आणि त्या पाण्याला ‘अॅक्वाफाबा’ हे नाव दिले. शिजताना चण्यातली काही प्रथिने, पिठूळ द्रव्ये आणि सॅपोनिन पाण्यात उतरतात. फेस त्यांच्यामुळे येतो आणि टिकतो. कुकरमध्ये चणे शिजवणाऱ्या घरात हे पाणी फुकट असते, फक्त ते जरा आटवून दाट करावे लागते. क्रीम ऑफ टार्टर घातले तर फेस अधिक घट्ट बसतो. त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. अंड्याचे पांढरे उष्णतेने गोठते. हे पाणी तसे गोठत नाही. म्हणून मंद आचेवर वाळवायच्या मेरँगला आणि मॅकरूनला ते शोभते, पण केवळ फेसावर उभ्या राहणाऱ्या केकमध्ये घातले तर केक भट्टीतच बसतो.

केक झाला, तरी काम अर्धेच झालेले असते. सजावटीतले प्राणिज घटक बहुतेक वेळा दिसत नाहीत, त्यांना वास नसतो आणि चवही नसते. त्यांत जिलेटिन सर्वांत परिचित. गुरांच्या आणि डुकरांच्या कातड्या-हाडांपासून ते काढतात; मार्शमेलो, गमी गोळ्या, काही मूस आणि परदेशी फाँडंट यांत ते असते. त्याची जागा घेणारे चायना ग्रास, म्हणजे आगर, समुद्रशेवाळापासून मिळते आणि किराणा दुकानात सहज सापडते. दोघांचा स्वभाव भिन्न आहे. जिलेटिन अंगाच्या उष्णतेने विरघळते, म्हणून तोंडात वितळते. आगर उकळूनच विरघळवावे लागते, साधारण ३५-४० अंशांवर गोठते आणि पुन्हा वितळायला सुमारे ८५ अंश लागतात; त्यामुळे त्याची जेली टणक, तुटक लागते. मऊपणा हवा असेल तर कॅरागीनन किंवा पेक्टिनची जोड द्यावी. एका बाबतीत आगर सरस आहे: ताज्या अननसातले विकर जिलेटिन फोडून टाकते, आगराला त्याचे काही होत नाही.

चकाकी येते ती लाखेने. रंगीत दाणे, चंदेरी मोती, चॉकलेट लावलेले बदाम आणि अनेक गोळ्या यांच्यावर शेलॅकचा पातळ थर असतो. पाकिटावर तो ‘ग्लेझिंग एजंट’ किंवा ‘आयएनएस ९०४’ या नावाने येतो. शेलॅक म्हणजे पळस, कुसुम आणि बोरीच्या फांद्यांवर वाढणाऱ्या लाखेच्या किड्यांचे स्रवण, बांगड्यांसाठी वापरतात तीच लाख शुद्ध करून. झारखंड हे तिचे देशातले मुख्य उत्पादक राज्य. मधमाश्यांच्या मेणाचा क्रमांक ९०१. ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण ९०३, आणि ते व्हीगन आहे. एका अंकाच्या फरकावर निर्णय ठरतो, म्हणून हे आकडे पाठ करावेत. लाल रंगात कार्माइन, क्रमांक १२०, हा निवडुंगावर वाढणाऱ्या कोशिनील किड्यांपासून काढतात. नावाने जवळचे वाटणारे कार्मोइसिन आणि इंडिगो कार्माइन हे मात्र कृत्रिम रंग आहेत, त्यांचा किड्यांशी संबंध नाही.

चांदीचा वर्ख परंपरेने जनावरांच्या आतड्याच्या किंवा कातड्याच्या पानांमध्ये ठेवून ठोकला जाई. २०१६ मध्ये अन्न प्राधिकरणाने वर्ख करताना प्राणिज साहित्य वापरू नये असा नियम काढला. यंत्रावर कागदांत तयार केलेला वर्ख आता मिळतो, पण सुट्या वर्खाबद्दल दुकानदाराला विचारल्याशिवाय काहीच कळत नाही. ‘नॉन-डेअरी’ व्हिपिंग क्रीममध्ये स्निग्धांश पामच्या गरापासून आलेला असतो, तरी अनेकदा सोडियम केसिनेट हे दुधाचे प्रथिन घातलेले असते. कंपाउंड चॉकलेटमध्ये दुधाची भुकटी, बिस्किटात ‘मिल्क सॉलिड्स’, तयार आयसिंगच्या पुडीत अंड्याच्या पांढऱ्याची भुकटी. साखरेबद्दल परदेशी पुस्तके फार सावध असतात, कारण काही देशांत उसाची साखर हाडांच्या कोळशातून गाळून पांढरी करतात. स्वदेशीच्या चळवळीत परदेशी साखरेवर बहिष्कार घालताना हाच आक्षेप घेतला जात असे. महाराष्ट्रातले कारखाने बहुतांशी गंधकाच्या धुराने रस स्वच्छ करून थेट पांढरी साखर काढतात, त्यामुळे ही धास्ती इथे मोठी नाही. आयात केलेल्या आयसिंग शुगरबद्दल ती राहते.

सजावटीचा स्वतःचा मराठी साठाही आहे, आणि या पुस्तकाचा सर्वांत आनंदाचा भाग तोच. संक्रांतीचा काटेरी हलवा म्हणजे तिळावर किंवा साबुदाण्यावर मंद आचेवर पाकाचे थर चढवून केलेले साखरेचे दाणे. त्यांवर लाख नाही, मेण नाही. हलव्याचे दागिने घडवणारे हात केक सजवायला कुठेही कमी पडणार नाहीत. बत्तासे, पाडव्याच्या गाठी आणि साखर चढवलेली बडीशेप हीसुद्धा त्याच पंगतीतली. फक्त एक पाहावे लागते: पाकाचा मळ काढायला त्यात चमचाभर दूध घालण्याची जुनी पद्धत काही घरांत आणि कारखान्यांत अजून आहे. आजच्या स्वच्छ साखरेला तिची गरज नाही. मधाऐवजी काकवी बहुतेक ठिकाणी चालते, चवीला तर ती सरसच. तिच्यातही प्राणिज काही येत नाही: कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांत रस निवळायला रानभेंडीच्या झाडाचा चिकट द्रव वापरण्याची पद्धत आहे. रंगांसाठी बीट, हळद, पालक, गोकर्णाची निळी फुले आणि कोकम आहे. बीटाचा रंग ओव्हनच्या आचेत तपकिरी पडतो, गोकर्णाचा निळा रंग लिंबाचा थेंब पडताच जांभळा होतो आणि कोकमाचा लाल रंग सोड्याने बिघडतो. म्हणून हे रंग केकच्या आत घालण्यापेक्षा वरच्या आयसिंगमध्ये घालणे शहाणपणाचे.

पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून निश्चिंत होण्याची सवय शाकाहारी माणसाला आहे. व्हीगन माणसाला ती महागात पडते. भारतीय कायद्यात अंडे मांसाहारी गटात येते, पण दूध आणि दुधाचे पदार्थ येत नाहीत. २०२०च्या लेबलिंग नियमांत मांसाहारी अन्नाच्या व्याख्येतून मध, मधमाश्यांचे मेण आणि शेलॅक हेही वगळले आहेत. म्हणजे लाखेची चकाकी असलेल्या दाण्यांवर हिरवा ठिपका कायदेशीरपणे बसतो. २०२२ मध्ये व्हीगन अन्नासाठी स्वतंत्र नियम आले. त्यांनुसार घटक, मिश्रके, स्वाद, विकरे आणि प्रक्रियेत वापरलेली साधनद्रव्ये यांपैकी काहीही प्राणिज असता कामा नये, आणि अशा पदार्थावर पान फुटलेल्या ‘व्ही’ अक्षराचे हिरवे चिन्ह असते. हे चिन्ह अजून फार थोड्या पाकिटांवर दिसते. ते सर्रास होईपर्यंत घटकांची यादी वाचण्याला पर्याय नाही. ‘दुधाचा अंश असू शकतो’ ही सूचना वेगळी. ती त्याच यंत्रावर दुधाचे पदार्थ होतात एवढेच सांगते. तत्त्वाने व्हीगन असलेल्याला ते चालू शकते, दुधाची अॅलर्जी असलेल्या मुलाला चालत नाही, आणि घरगुती बेकरने ऑर्डर घेताना हा फरक स्पष्ट विचारलाच पाहिजे.

हा विषय आज निकडीचा होण्यामागे अनेक कारणे एकत्र आली आहेत. जगात सर्वाधिक दूध भारतात होते, आणि त्या दुधामागे नर वासरांचे काय होते हा प्रश्न विचारणारे तरुण मराठी घरांतही आता आहेत. अंड्यांच्या धंद्यात नर पिल्ले जन्मतःच मारली जातात. जर्मनीने २०२२ पासून त्यावर बंदी घातली. जोसेफ पूअर आणि थॉमस नेमेचेक यांनी ११९ देशांतल्या सुमारे ३८ हजार शेतांच्या माहितीवरून २०१८ मध्ये केलेल्या अभ्यासात गाईच्या दुधाचा हवामानावरचा भार वनस्पतिजन्य दुधांच्या काही पट निघाला. बर्ड फ्लूने अंड्यांचा पुरवठा किती अचानक कोसळतो, हे नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरने फेब्रुवारी २००६ मध्ये पाहिले आणि अमेरिकेने अलीकडच्या वर्षांत. मोठेपणी दूध न पचणारे लोक भारतात कमी नाहीत. आरोग्याचा दावा मात्र जपून करावा. व्हीगन केकमध्येही मैदा आणि साखर तेवढीच असते, आणि खोबरेल तेलाचे आयसिंग लोण्याच्या आयसिंगपेक्षा हलके नसते.

या पुस्तकाने आपले क्षेत्र ठरवून घेतले आहे. त्यात घरच्या ओटीजीत, लहान ओव्हनमध्ये किंवा वाळू घातलेल्या कुकरमध्ये होणारे पदार्थच घेतले आहेत. कारखान्याच्या यंत्रांवर होणारे बारीक पदरांचे क्रोसाँ वगळले आहेत. मापे वाट्या-चमच्यांबरोबर ग्रॅममध्ये दिली आहेत, कारण व्हीगन केकमध्ये द्रवाचा थोडा फरकही अंड्याच्या केकइतका खपून जात नाही. प्रत्येक कृतीआधी तिच्यात अंडे किंवा लोणी काय करत असे आणि ते काम आता कशाकडे दिले आहे, हे सांगितले आहे, म्हणजे एखादा घटक मिळाला नाही तर वाचकाला स्वतः बदल करता येईल. तालुक्याच्या गावी मिळणाऱ्या वस्तूंना आधी स्थान दिले आहे. आयात केलेली व्हीगन लोणी आणि तयार अंडेपर्याय यांचा उल्लेख आहे, पण कोणतीही कृती त्यांच्यावर अवलंबून ठेवलेली नाही. कंपन्या घटक बदलत राहतात, म्हणून ब्रँडच्या याद्या टाळून लेबल वाचण्याची रीत शिकवण्यावर भर आहे. पामतेलाचा पेच आणि खोबरेलावरचे अवलंबित्व जिथे आहे तिथे ते मोकळेपणाने नोंदवले आहे.

नवशिक्याने सुरुवात सोडा-व्हिनेगरच्या चॉकलेट केकपासून करावी, त्यावर चण्याच्या पाण्याच्या आयसिंगचा हात बसवावा आणि मगच बाकीच्या पानांकडे वळावे. सजावटीचे सामान आणायला जाताना ९०१, ९०४ आणि १२० हे तीन आकडे चिठ्ठीवर लिहून न्यावेत.